नवीन डेटा घातला तरी उत्तर जुनंच येतंय? आरमधल्या सेव्ह-लोडचा घोळ आणि त्यावरचे उपाय

"कोड तोच, फाइल नवीन, पण टेबलातले आकडे मागच्या वेळचेच." आर ही संख्याशास्त्राच्या कामाची प्रोग्रामिंग भाषा वापरणाऱ्या कुणाकडून ना कुणाकडून ही तक्रार दर काही महिन्यांनी माझ्यापर्यंत येते. कधी उलटी तक्रार असते: "काल सगळं चालत होतं, आज उघडलं तर ऑब्जेक्ट सापडत नाही म्हणतोय." (ऑब्जेक्ट म्हणजे आरमध्ये नाव देऊन ठेवलेली कुठलीही गोष्ट: टेबल, मॉडेल, आकडा.) वरवर दोन्ही वेगळ्या वाटतात. मूळ मात्र बहुतेक वेळा एकच निघतं. साठवलेला डेटा परत आणताना त्याचं नाव कोण ठरवतंय, याकडे आपलं लक्षच नसतं.

लिहिण्याबद्दल एक सूचना आधीच देते. फंक्शनची नावं इथे उच्चारतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत. सेव्हआरडीएस आणि रीडआरडीएस या दोन नावांतली शेवटची तीन अक्षरं कॅपिटल असतात. आरला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळतो, त्यामुळे सगळं लहान अक्षरांत टाइप केलं तर असं फंक्शनच नाही असं उत्तर मिळतं.

या उन्हाळ्यात पीएचडी करणारी एक मुलगी सोयाबीनच्या वाणांच्या चाचणीचा डेटा घेऊन माझ्याकडे आली. ओलाव्याची दुरुस्ती राहिली होती म्हणून चार प्लॉटचे उताऱ्याचे आकडे बदलले होते. "मॅडम, चार आकडे बदलले तरी वाणाची सरासरी दुसऱ्या दशांशापर्यंत तीच येतेय." आम्ही स्क्रिप्ट ओळीओळीने चालवली. तिसऱ्या ओळीला दुरुस्त केलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेली साधी मजकूर फाइल) वाचून डीएफ नावाच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवली होती. तिथे प्लॉट क्रमांक १७ चा उतारा पाहिला: हेक्टरी १८.४ क्विंटल, म्हणजे दुरुस्त आकडा. एकोणिसाव्या ओळीला तुलनेसाठी मार्चमधलं जुनं मॉडेल लोड केलं होतं. त्या ओळीनंतर तोच प्लॉट पुन्हा पाहिला, तर २१.६. मार्चमध्ये तिने मॉडेल साठवताना सोबत डेटाही साठवला होता, आणि त्याचंही नाव डीएफ. लोड झाल्याबरोबर जुना डीएफ नव्या डीएफच्या जागी बसला. ना एरर, ना वॉर्निंग. विसाव्या ओळीपासून पुढचं सगळं विश्लेषण मार्चच्या डेटावर चाललं होतं.

ओळींची संख्या तपासून हे पकडता आलं नसतं, कारण प्लॉट दोन्हीकडे तेवढेच होते. कॉलमची नावंही तीच. म्हणून असा संशय आला तर आकार पाहू नका, ज्याची किंमत बदलल्याचं नक्की माहीत आहे अशी एकच ओळ पाहा. लोडच्या आधी एकदा आणि लोडच्या नंतर एकदा.

आता हे होतं कशामुळे. सेव्ह हे फंक्शन एका फाइलमध्ये एक किंवा अनेक ऑब्जेक्ट त्यांच्या नावांसकट ठेवतं. साधारणपणे या फाइलला आरडेटा किंवा आरडीए हे एक्स्टेन्शन देतात. लोड हे फंक्शन ती फाइल उघडतं आणि आतल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या मूळ नावांनीच समोर मांडतं. त्या नावाचं काही आधीपासून असेल तर त्यावर सरळ नवं बसतं. हा आरमधला दोष नाही, असंच काम करायचं हे तिथे ठरलेलं आहे. पण सहा महिन्यांपूर्वी फाइलमध्ये कोणती नावं घातली होती हे आपल्या लक्षात राहत नाही, आणि डीएफ, डेटा, एक्स, मॉडेल ही नावं तर आपण सगळेच रोज वापरतो.

फाइलमध्ये काय आहे हे न विसरता बघायची एक सोपी सोय लोडमध्येच आहे. व्हर्बोज हा आर्ग्युमेंट ट्रू केला की जे जे उचललं त्यांची नावं कन्सोलवर छापली जातात. जुनी, दुसऱ्याने दिलेली किंवा विसरलेली फाइल असेल तर मी त्याहून सावध मार्ग घेते. आधी एक रिकामं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायची वेगळी जागा, बनवते आणि फाइल त्यातच उतरवते:

पेटी <- न्यू.एन्व्ह()
लोड("मॉडेल_मार्च.आरडेटा", एन्व्हर = पेटी)
एलएस(पेटी)

आता फाइलमधलं सगळं त्या पेटीत आहे, आपल्या टेबलावर काहीच सांडलेलं नाही. एलएसने नावं बघायची आणि हवं तेवढंच पेटी$मॉडेल असं बाहेर काढायचं. तीन ओळींचं काम आहे, आणि वर सांगितलेला घोळ यात होऊच शकत नाही.

खरा उपाय मात्र साठवतानाचा आहे. एकच ऑब्जेक्ट साठवायचा असेल तर सेव्हआरडीएस वापरा. ते फक्त ऑब्जेक्ट ठेवतं, नाव ठेवत नाही. परत आणताना रीडआरडीएस ऑब्जेक्ट तुमच्या हातात देतं आणि त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवता:

मार्च_मॉडेल <- रीडआरडीएस("मॉडेल_मार्च.आरडीएस")

ही ओळ वाचणाऱ्याला कळतं की काय आलं आणि कुठे गेलं. लोडची ओळ वाचून यातलं काहीच कळत नाही. अनेक ऑब्जेक्ट एकत्र ठेवायचे असतील तर त्यांची लिस्ट करा आणि ती लिस्ट सेव्हआरडीएसने ठेवा. मी स्वतः रोजच्या कामात सेव्ह आणि लोड जवळजवळ सोडून दिलेत. पॅकेजच्या डेटा फोल्डरमध्ये आरडीए लागतात, तेवढ्यापुरतेच ते राहिलेत.

लोड केलं, पण हातात भलतंच आलं

याच मुळाचा दुसरा फाटा. कुणीतरी असं लिहितं:

डीएफ <- लोड("सर्वेक्षण.आरडेटा")

आणि पुढे डीएफ$वय असं म्हटलं की एरर येतो: डॉलर ऑपरेटर इज इनव्हॅलिड फॉर अ‍ॅटॉमिक व्हेक्टर्स. याचं कारण, लोड डेटा परत देत नाही. त्याने जे ऑब्जेक्ट उचलले त्यांच्या नावांचा एक अक्षरी व्हेक्टर तेवढा परत देतं. डेटा स्वतः आपल्या मूळ नावाने केव्हाच येऊन बसलेला असतो, आणि तुमच्या डीएफमध्ये फक्त "सर्वे_२०२३" असा एक शब्द असतो. डीएफ असं टाइप करून एंटर दाबा. अवतरण चिन्हांत नाव छापलं गेलं तर निदान पक्कं समजा. त्यातही त्रासदायक प्रकार म्हणजे मूळ ऑब्जेक्टचं नावही डीएफच असणं. तेव्हा डेटा आधी येतो आणि मग नावाचा तो व्हेक्टर त्यावर बसून डेटा जातो. माणूस म्हणतो, फाइल खराब झाली. फाइल ठणठणीत असते. डाव्या बाजूचं नाव आणि बाण काढून टाका, पुन्हा लोड करा, डेटा जागेवर.

फंक्शनच्या आत लोड लिहिलं असेल तर तिसरा प्रकार घडतो. लोड ऑब्जेक्ट तिथेच उतरवतं जिथून त्याला हाक मारली. फंक्शनमधून मारली तर ऑब्जेक्ट त्या फंक्शनच्या आत येतात आणि फंक्शन संपलं की जातात. बाहेर ऑब्जेक्ट नॉट फाउंड. यावर एन्व्हर आर्ग्युमेंटमध्ये ग्लोबल एन्व्हायर्नमेंट देणं हा उपाय बऱ्याच ठिकाणी सांगितलेला दिसतो. तो चालतो, पण मला तो पटत नाही, कारण त्याने पहिला घोळ पुन्हा घरात येतो. फंक्शनमध्ये रीडआरडीएस वापरा आणि ऑब्जेक्ट रिटर्न करा.

रोज सकाळी परत येणारं कालचं सामान

आर बंद करताना वर्कस्पेस इमेज (म्हणजे त्या वेळी असलेले सगळे ऑब्जेक्ट) सेव्ह करायची का असा प्रश्न येतो. हो म्हटलं की वर्किंग डिरेक्टरीत एक फाइल तयार होते, जिच्या नावाची सुरुवातच टिंबाने होते: .आरडेटा. मॅक आणि लिनक्सवर टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली लपलेल्या असतात, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. पुढच्या वेळी त्याच फोल्डरमध्ये आर सुरू केलं की ती न विचारता लोड होते. स्क्रिप्टमध्ये एखादा ऑब्जेक्ट बनवायची ओळ तुम्ही महिन्यापूर्वी खोडलेली असते, तरी स्क्रिप्ट चालते, कारण तो ऑब्जेक्ट या फाइलमधून येत असतो. मग तीच स्क्रिप्ट गाइडच्या किंवा सहकाऱ्याच्या संगणकावर पडते, आणि तुम्ही म्हणता, माझ्याकडे तर चालतेय.

यातली एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते आणि ती संख्याशास्त्राच्या मुळावर येणारी आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. वर्कस्पेस साठवताना सेव्ह.इमेज लपलेले ऑब्जेक्टही ठेवतं. त्यांत .रँडम.सीड असतो, म्हणजे यादृच्छिक संख्या पुढे कुठून सुरू करायच्या याची नोंद. समजा कधीतरी एकदा वर्कस्पेस साठवली गेली आणि त्यानंतर रोज तुम्ही "सेव्ह नको" म्हणत आर बंद करता. रोज सकाळी तीच जुनी फाइल लोड होते, तोच सीड परत येतो आणि दर सेशनमध्ये यादृच्छिक संख्यांची तीच माळ निघते. तुम्ही पाच दिवस पाच वेळा नमुना निवड केली असं समजता, प्रत्यक्षात तोच नमुना पाचदा निघालेला असतो. तपासायला सोपं आहे: आर नव्याने सुरू करून लगेच आरनॉर्म(३) चालवा (ते तीन यादृच्छिक संख्या देतं), आकडे कागदावर लिहून ठेवा, न साठवता बंद करा, पुन्हा सुरू करून तेच करा. आकडे तेच आले तर ती फाइल शोधून काढून टाका. हेतूपूर्वक तेच आकडे हवे असतील तर स्क्रिप्टमध्ये सेट.सीड लिहा, म्हणजे वाचणाऱ्यालाही ते दिसेल.

बरेच जण स्क्रिप्टच्या डोक्यावर आरएम(लिस्ट = एलएस()) लिहितात आणि पाटी कोरी झाली असं समजतात. ती कोरी होत नाही. एलएस टिंबाने सुरू होणारी नावं दाखवतच नाही, त्यामुळे सीड तसाच राहतो. लोड केलेली पॅकेजं आणि बदललेले ऑप्शनही राहतात. शिवाय दुसऱ्या कुणी तुमची स्क्रिप्ट चालवली तर त्याचं चालू काम पुसलं जातं. ही ओळ काढा आणि सेशन रीस्टार्ट करायची सवय लावा. आरस्टुडिओत (आर चालवायच्या प्रोग्रॅममध्ये) विंडोज-लिनक्सवर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबले की झालं.

आणि एकदाच करायचं काम: आरस्टुडिओत टूल्स, ग्लोबल ऑप्शन्स, जनरल इथे जा. सुरू होताना .आरडेटा परत आणण्याच्या चौकटीतली खूण काढा, आणि बंद करताना साठवण्याच्या पर्यायात नेव्हर निवडा. टर्मिनलवरून चालवत असाल तर व्हॅनिला हा ऑप्शन द्या. विद्यार्थ्यांच्या संगणकावर मी पहिलं काम हेच करून देते.

मॅजिक नंबर आणि आवृत्त्या

"बॅड रिस्टोअर फाइल मॅजिक नंबर, फाइल मे बी करप्टेड" हा एरर वाचून लोक घाबरतात आणि महिनाभराचं काम गेलं असं धरून चालतात. आधी श्वास घ्या. सेव्हने लिहिलेल्या फाइलच्या सुरुवातीला तिची ओळख सांगणारी काही अक्षरं असतात. लोड ती शोधतं आणि सापडली नाहीत की हे म्हणतं. सर्वांत जास्त वेळा कारण एवढंच निघतं की फाइल सेव्हआरडीएसने लिहिली आणि उघडायला लोड वापरलं. उलटं केलं, म्हणजे सेव्हची फाइल रीडआरडीएसला दिली, तर "अननोन इनपुट फॉरमॅट" येतं. एक्स्टेन्शनवर विसंबू नका. सेव्हने लिहून नाव आरडीएस दिलेल्या फाइली मी कितीतरी पाहिल्या आहेत. आतला प्रकार नाव बदलल्याने बदलत नाही. एकाने उघडली नाही तर दुसऱ्याने उघडून पाहा.

दुसरं कारण आवृत्तीचं. साठवण्याची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आर ३.५.० सोबत आली आणि २०१९ च्या आर ३.६.० पासून ती आपोआप वापरली जाऊ लागली. त्यामुळे ३.५.० च्या आधीचं आर नव्या आरने लिहिलेली फाइल वाचत नाही, आणि एररमध्ये किमान कोणतं आर लागेल ते स्पष्ट सांगतं. कॉलेजच्या लॅबमध्ये जुनं आर असेल आणि ते बदलायची परवानगी नसेल, तर आपल्या नव्या आरमध्ये फाइल उघडून व्हर्जन = २ देऊन पुन्हा साठवा. आरडीएस फाइल कुठल्या आरने लिहिली हे इन्फोआरडीएस सांगतं. सेव्हच्या फाइलींची साठवण्याची आवृत्ती टूल्स पॅकेजमधलं चेकआरडीएफाइल्स सांगतं.

हे दोन्ही नसेल, तर फाइल खरोखर अर्धवट असू शकते: लिहितानाच लाइट गेली, डिस्क भरली, पेन ड्राइव्ह लवकर उपसला किंवा क्लाउडवरून पूर्ण उतरायच्या आत उघडली. अर्धवट फाइलमधला डेटा परत मिळण्याची आशा फारशी नसते. म्हणून ज्या मॉडेलला रात्रभर लागलंय ते मी आधी तात्पुरत्या नावाने लिहिते, लगेच परत वाचून आयडेंटिकलने मूळ ऑब्जेक्टशी ताडून पाहते, आणि ट्रू आलं की मगच फाइल.रीनेमने खरं नाव देते. जुनी चांगली फाइल तोपर्यंत जागेवर राहते.

फाइलच सापडत नाही असं म्हणत असेल तर गेटडब्ल्यूडी चालवा, आर कोणत्या फोल्डरमध्ये उभं आहे ते पाहा. आर मार्कडाउनची (कोड आणि मजकूर एकत्र असलेली) फाइल निट करताना, म्हणजे तिच्यातून अहवाल बनवताना, ती स्वतः ज्या फोल्डरमध्ये आहे तेच धरते, कन्सोल कदाचित दुसरंच. विंडोजवरून कॉपी केलेल्या पाथमधल्या उलट्या तिरक्या रेघा सरळ करा किंवा दुहेरी करा.

मराठी नावांचं काय होतं

गावांची, वाणांची, जातीच्या दाखल्यांतली नावं देवनागरीत असली की एक वेगळा त्रास दिसायचा, आणि जुन्या संगणकांवर अजून दिसतो. विंडोजवर आर ४.२.० च्या आधी युनिकोड हे मूळ एन्कोडिंग नव्हतं. त्यामुळे डेटा फ्रेम छापली की "सातारा"च्या जागी कोनी कंसांतल्या कोडांची रांग दिसे. २०२२ च्या ४.२.० पासून अद्ययावत विंडोज १० आणि पुढच्या विंडोजवर हे मिटलं. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी: आरडीएसमध्ये साठवलेला मजकूर शाबूत असतो, बिघाड फक्त दिसण्यात असतो. पण त्या जुन्या आरमधून सीएसव्ही लिहिली, तर ते कोडच अक्षर म्हणून फाइलमध्ये उतरायचे आणि नाव कायमचं जायचं. तुमच्याकडे जुन्या संगणकावर आरडीएस आणि सीएसव्ही दोन्ही असतील, तर आरडीएस नव्या आरमध्ये उघडा. सीएसव्हीवरून नावं दुरुस्त करत बसू नका.

सीएसव्हीत आणखीही काही हरवतं. सर्वेक्षण फॉर्मचा ००४५ क्रमांक वाचताना ४५ होतो, फॅक्टरच्या (गटवार कॉलमच्या) पायऱ्यांचा क्रम जातो, तारखा साधा मजकूर होतात. टप्प्याटप्प्याचं काम आरमध्येच चालणार असेल तर मधल्या पायऱ्या आरडीएसमध्ये ठेवा. पायथॉनवाल्यांशी देवाणघेवाण असेल तर पार्के हा फाइल प्रकार वापरा.

छोट्या मॉडेलची प्रचंड फाइल

ऑब्जेक्ट.साइज काही एमबी सांगतं आणि डिस्कवर फाइल शेकडो एमबीची पडते, असं झालं तर मॉडेल एखाद्या फंक्शनच्या आत बसवलेलं आहे का ते पाहा. फॉर्म्युला जिथे लिहिला गेला ते एन्व्हायर्नमेंट तो सोबत बाळगतो, आणि फंक्शनच्या आत जे काही मोठं पडलेलं असतं ते सगळं फाइलमध्ये जातं. ऑब्जेक्ट.साइज एन्व्हायर्नमेंट मोजतच नाही, म्हणून ते फसवतं. ग्लोबल एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवलेल्या मॉडेलला हा त्रास नाही, कारण त्याचा फक्त उल्लेख साठवला जातो. फंक्शन संपण्याआधी आत लागणारे मोठे ऑब्जेक्ट आरएमने काढा. आणि हा प्रश्न केवळ जागेचा नाही. रुग्णांची किंवा शेतकऱ्यांची मूळ माहिती त्या फंक्शनमध्ये असेल, तर "फक्त मॉडेल पाठवतो" म्हणून मेल केलेल्या फाइलीतून तीही जाते. एलएमचं (रेषीय मॉडेल बसवणाऱ्या फंक्शनचं) मॉडेल तर वापरलेला डेटा एरवीही आपल्या पोटात ठेवतं. बाहेर देताना गुणांक आणि लागणारी टेबलं तेवढीच वेगळी काढून द्या.

काही गोष्टी आरडीएसमध्ये साठवल्या तरी जिवंत राहत नाहीत: डेटाबेसचं कनेक्शन, आणि ज्या पॅकेजांचा खरा ऐवज आरच्या बाहेरच्या मेमरीत असतो त्यांचे काही ऑब्जेक्ट. फाइल विनातक्रार उघडते, वापरायला गेलं की पॉइंटर इनव्हॅलिड म्हणतं. अशा वेळी त्या पॅकेजचं स्वतःचं साठवण्याचं फंक्शन शोधा. एक्सजीबूस्टचं आहे, टेरामध्ये रॅपने गुंडाळून ठेवता येतं.

अनोळखी ठिकाणाहून आलेली आरडीएस किंवा आरडेटा फाइल उघडण्याआधी तुमचं आर ४.४.० किंवा पुढचं आहे याची खात्री करा. त्याआधीच्या आवृत्त्यांत अशी फाइल मुद्दाम रचून तिच्यातून संगणकावर हवा तो कोड चालवता येत होता; २०२४ मध्ये ते बंद केलं गेलं. नव्या आरवरही अनोळखी माणसाचा डेटा मी सीएसव्हीतच मागते.

त्या मुलीच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी आम्ही दोनच गोष्टी बदलल्या. मार्चची फाइल पेटीत उतरवून मॉडेल वेगळं काढलं आणि आरडीएस करून ठेवलं. एकोणिसाव्या ओळीला लोडच्या जागी रीडआरडीएस आलं. सेशन रीस्टार्ट करून स्क्रिप्ट पहिल्यापासून चालवली. प्लॉट १७ शेवटच्या ओळीपर्यंत १८.४ च राहिला, आणि वाणांच्या सरासरीचं टेबल तिने नव्याने छापून घेतलं.